त्र्याण्णव हजारांची सूट

आपल्याकडे मुलगा ‘सेटल’ झाला म्हणजे नोकरी लागली, फ्लॅट बुक झाला, आता स्थळं बघायला हरकत नाही. क्रेडिट रिपोर्टमध्ये हाच शब्द उलटा चालतो. तिथं एखाद्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ आलं, तर त्याचा अर्थ असा की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत आणि बँकेनं मिळाले तेवढे घेऊन विषय संपवला. पुढची बँक तो शब्द वाचते आणि फाइल बाजूला ठेवते.

माझ्या दाजींच्या रिपोर्टमध्ये हा शब्द एप्रिल २०२५ मध्ये आला. तो यावा म्हणून मी चार महिने फोन केले, ईमेल लिहिले आणि एक अख्खा शनिवार कोर्टाच्या आवारात काढला. ज्या शब्दाला लोक घाबरतात तो मिळवण्यासाठी एवढी खटपट का केली, हे नुसतं सांगून कळणार नाही. त्यासाठी हिशेब बघावा लागेल.

दाजी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होते. पगार हातात ३१ हजार. एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्या वडिलांना अँजिओप्लास्टी करावी लागली. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बायको-मुलं होती, आईवडील नव्हते. बिलातले काही पैसे रोख भरले, काही गावाकडून आले आणि उरलेले १ लाख २० हजार कार्डावर गेले. त्या कार्डावर त्याआधी पेट्रोल आणि दिवाळीत घेतलेला एक मिक्सर, एवढाच काय तो व्यवहार. तोही वेळेत फेडलेला.

मे २०२३ पासून दाजींनी दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’ भरला. एकही महिना चुकवला नाही. ॲपमध्ये दोन बटणं दिसतात, एक ‘टोटल ड्यू’ आणि दुसरं ‘मिनिमम ड्यू’. सव्वा लाख एकदम भरणं शक्य नव्हतं, सहा हजार शक्य होतं. आपण हप्ता भरतोय आणि कर्ज फिटतंय, अशीच त्यांची समजूत होती. फक्त मिनिमम भरलं तर परतफेड लांबत जाते आणि व्याज चढत जातं, अशी सूचना स्टेटमेंटवर छापावी लागते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ती छापलेली असतेही. स्टेटमेंटच्या शेवटच्या पानांवर, मुंगीएवढ्या अक्षरांत.

जून २०२४ मध्ये कंपनीनं एक लाइन बंद केली आणि दाजी घरी बसले. जुलैपासून कार्डाचा भरणा थांबला. नोव्हेंबरमध्ये ताईचा मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेली होती. वसुलीवाल्यानं तिच्या शाळेत, म्हणजे ती शिकवते त्या बालवाडीत फोन करून ‘मॅडमच्या मिस्टरांनी पैसे खाल्लेत’ असं सांगितलं होतं.

“अरे, तुला यातलं कळतं ना? मग बघ की जरा.”

घरात कॉम्प्युटरवर बसणारा एकटा मीच. त्यामुळे पॅनकार्डापासून प्रिंटरपर्यंत सगळं मला कळतं असा एक समज आहे. मला यातलं काही कळत नव्हतं. पण स्टेटमेंट वाचता येत होती. मी दाजींच्या मेलवरून सगळ्या पीडीएफ उतरवून घेतल्या आणि एका शीटमध्ये भरल्या. एका रांगेत खर्च, दुसऱ्यात व्याज, तिसऱ्यात जीएसटी, चौथ्यात लेट फी, पाचव्यात भरणा.

व्याजाचा दर महिन्याला ३.६ टक्के होता. ऐकायला किरकोळ वाटतो. वर्षाचा काढला तर ४३ टक्क्यांच्या पुढे जातो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० रुपये बाकीवर महिन्याला सव्वाचार रुपये. मिनिमम ड्यू बाकीच्या ५ टक्के. पाचातले सव्वाचार व्याजात आणि करात जायचे, मुद्दलाला लागायचे ते पाऊण रुपया-रुपया.

शीटच्या खाली बेरीज आली. चौदा महिन्यांत दाजींनी ८२ हजार रुपये भरले होते. १ लाख २० हजारांची बाकी १ लाख ५ हजारांवर आली होती. ८२ हजारांत कर्ज उतरलं ते फक्त १५ हजारांनी.

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर फिरवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पाव्हणं, म्हंजे मी चौदा म्हैनं नुसतं भाडं भरलं.”

*

याच शीटमध्ये मी आणखी एक रांग टाकून बघितली. सुरुवातीलाच हे १ लाख २० हजार चोवीस महिन्यांच्या ईएमआयवर, वर्षाला १८ टक्क्यांनी वळवले असते तर? हप्ता आला सहा हजारांच्या आसपास. दाजींनी पहिल्या महिन्यात भरलेला मिनिमम ड्यू सव्वासहा हजार होता. म्हणजे खिशातून तेवढेच पैसे जात होते. एका रस्त्यानं कर्ज दोन वर्षांत संपलं असतं आणि दुसऱ्या रस्त्यानं चौदा महिन्यांनी आठवा हिस्सा फिटला. ईएमआयचा पर्याय ॲपमध्ये होता. ‘ऑफर्स’ नावाच्या भागात, प्रवासाच्या व्हाउचरच्या खाली. ‘मिनिमम ड्यू’चं बटण मात्र पहिल्या स्क्रीनवर, ठळक.

मी पोटापाण्यासाठी स्क्रीनच बनवतो. कुठलं बटण कुठं बसवायचं यावर आमच्याकडे दोन-दोन तास मीटिंग होतात. त्यामुळे ती जागा योगायोगानं ठरली असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

दाजींनी नोकरी असताना, २०२४ च्या सुरुवातीला, एकदा कॉल सेंटरला फोन करून काही कमी होईल का असं विचारलं होतं. उत्तर मिळालं, “सर, तुमचं अकाउंट रेग्युलर आहे. त्यावर सेटलमेंटचा ऑप्शन येत नाही.” मुलीचा आवाज नम्र होता आणि ती खरंच सांगत होती. जो भरतोय त्याला सूट नसते. सूट मिळते ती भरणं थांबल्यावर, आणि जितकं थांबाल तितकी जास्त.

यामागचं गणित सरळ आहे. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. घर नाही, गाडी नाही, सोनं नाही. मिनिमम ड्यू ठरलेल्या तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण आला नाही की खातं एनपीए होतं आणि बँकेला त्या रकमेसाठी आपल्या नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. मग ते वसुली एजन्सीकडे जातं, एजन्सीचं कमिशन लागतं. अशी खाती जुनी झाली की बँका ती गठ्ठ्यानं दुसऱ्या कंपनीला विकतात, रुपयाला काही पैसे या भावानं. त्यामुळे थकलेल्या खात्यातून आज रोख मिळणारे ४० रुपये बँकेला कागदावरच्या १०० रुपयांपेक्षा बरे वाटतात. तिमाही संपताना जरा जास्त बरे वाटतात आणि मार्च एंडला तर फारच.

हे वाचून कुणी चालू खात्याचा भरणा मुद्दाम थांबवू नये. थकलेला प्रत्येक महिना रिपोर्टमध्ये नोंदला जातो, व्याज आणि लेट फी चढत राहते आणि सूट देणं हा बँकेचा अधिकार आहे, तुमचा नाही. आजकाल ‘तुमचं कर्ज अर्ध्यावर आणून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती रीलमध्ये येतात. त्यांचा सल्ला बहुतेक वेळा हाच असतो की बँकेला देणं थांबवा आणि आमची फी चालू करा. बोलणी जी काय करायची ती कर्जदाराला स्वतःच्या मेलवरून करता येतात आणि त्याला एक रुपया लागत नाही. दाजींकडे थांबवण्या-न थांबवण्याचा प्रश्नच नव्हता. भरायला पैसे नव्हते.

*

बोलणी सुरू करायच्या आधी दोन गोष्टी मिटवायला लागल्या. पहिली भीती, दुसरी लाज.

भीती लवकर मिटली. फोनवरचा माणूस ‘चारशेवीसची केस टाकतो, पोलीस घरी येतील’ म्हणायचा. नोकरी गेली म्हणून कार्डाची बाकी थकली तर तो दिवाणी मामला आहे. बँक वकिलाची नोटीस पाठवू शकते, दावा लावू शकते. बाकी थकली एवढ्याच कारणानं अटक होत नाही. दिलेला चेक परत गेला तर गोष्ट वेगळी, कारण चेक बाउन्सचा गुन्हा स्वतंत्र आहे. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं की एजंटला तारीख टाकलेला चेक द्यायचा नाही.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये वसुलीबद्दल परिपत्रक काढलेलं आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. मी ताईच्या फोनवरच्या कॉलची यादी केली. तारीख, वेळ, नंबर. एक फोन रात्री ९ वाजून १० मिनिटांचा होता. ती यादी, बालवाडीतल्या फोनची हकिगत आणि परिपत्रकाची तारीख असा एक ईमेल दाजींच्या नावानं बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला गेला. खाली एक ओळ, की ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. दहाव्या दिवशी दिलगिरीचं उत्तर आलं. बालवाडीतला फोन परत वाजला नाही.

लाज मिटायला वेळ लागला. दाजी म्हणायचे, “आपन आजवर कुनाचं बुडवल्यालं न्हाई.” सेटलमेंट म्हणजे त्यांच्या लेखी बुडवणंच. त्यांच्या वडिलांनी तर ‘कर्जबुडवे’ हा शब्द पेपरात वाचला होता, हजारो कोटी घेऊन देशाबाहेर पळालेल्यांबद्दल, आणि आपला मुलगा त्याच रांगेत उभा राहणार असं त्यांना वाटत होतं. नवल म्हणजे गावाकडे या गोष्टीची कुणाला इतकी लाज नव्हती. राज्य सरकारच्या २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत दीड लाखाच्या वरच्या थकबाकीदारांसाठी एकवेळ समझोता योजना होती. तेव्हापासून ‘ओटीएस’ हा शब्द सोसायटीच्या कट्ट्यावर रुळलाय. शेताचं कर्ज पाऊस नाही म्हणून थकतं हे सगळ्यांना मान्य आहे. कार्डाचं कर्ज मात्र माणूस उधळ्या आहे म्हणून थकतं, असंच सगळे धरून चालतात. अँजिओप्लास्टी त्यात कुठं बसते हे कुणी विचारत नाही.

दाजींना पटवताना मला एक जुना शब्द उपयोगी पडला. दामदुपट. हिंदू कायद्यातला हा जुना नियम, आणि मुंबई इलाख्यात इंग्रजांची कोर्टंही तो मानायची. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शंभर दिले असतील तर व्याज कितीही साचो, दावा दोनशेच्या वर जाणार नाही.

तरी शेतकरी बुडतच होता, कारण सावकार दर दोन-तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा कर्जरोखा करून घ्यायचा. कालचं व्याज आजचं मुद्दल व्हायचं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता. त्यांनी रोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत वाचलेलं प्रकरण ते हेच. त्यातून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत. त्यानं कोर्टाला एक अधिकार दिला. रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासून हिशेब उकलायचा, मुद्दल किती आणि व्याज किती हे वेगळं करायचं.

आज बँकेच्या बाबतीत कोर्टाला तसं करता येत नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये घातलेलं २१ अ हे कलम सांगतं की व्याजदर जास्त आहे या कारणावरून बँकेचा व्यवहार कोर्टानं पुन्हा उघडायचा नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. दर किती असावा हा रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतला विषय आहे, आयोगाच्या नाही. ही बातमी आली तेव्हा मी नेमका दाजींच्या शीटमध्ये डिसेंबरचं स्टेटमेंट भरत होतो.

म्हणजे हिशेब उकलून द्यायला कुणी येणार नव्हतं. पण घरच्या टेबलावर तो उकलायला कुणाची मनाई नव्हती. दाजींना मी एवढंच म्हटलं, “तुम्ही बँकेकडून वस्तू म्हणून काय घेतलं? १ लाख २० हजार. परत किती दिलेत? ८२ हजार. मग बुडवायचे म्हटले तरी किती बुडवाल? ३८ हजार. बाकीचं सगळं त्यांनी लिहिलेलं आहे.”

ते हसले. जूननंतर पहिल्यांदा हसले असं ताई म्हणते.

*

बोलण्यांत आमची एकच ताकद होती. आमच्याकडे किती आहेत हे आम्हाला नक्की माहीत होतं. ताईची भिशी मार्चमध्ये लागणार होती, ५० हजार. मी २० देणार होतो. दाजींना मेव्हण्याकडून पैसे घ्यायचे नव्हते, त्यावर दोन दिवस अबोला झाला आणि शेवटी ताईनं ‘माझा भाऊ मला देतोय’ असं म्हणून तो मिटवला. तर आमचा आकडा ७० हजार. त्यावर एक रुपया नाही आणि हप्त्यांचं आश्वासन नाही, कारण एक हप्ता चुकला तरी सवलत रद्द होते असं पत्रांत लिहिलेलं असतं.

नोव्हेंबरमध्ये एजंटचा पहिला भाव आला १ लाख २२ हजार, ‘फक्त आजच्या दिवसापुरता’. तो दिवस गेला. जानेवारीत १ लाख ५ हजार झाले, तेही त्याच दिवसापुरते. फेब्रुवारीच्या शेवटी ८४. प्रत्येक वेळी आमचं उत्तर ठरलेलं. आकडा बँकेच्या मेल आयडीवरून लेखी पाठवा. पत्रात कार्डाचे शेवटचे चार अंक, एकूण बाकी, तडजोडीची रक्कम, भरायची तारीख आणि उरलेली रक्कम बँक मागणार नाही हे वाक्य पाहिजे. एकदा एजंट म्हणाला, माझ्या नंबरवर २० हजार टाका, मी साहेबांकडून करून घेतो. एजंटच्या खात्यात गेलेला पैसा कार्डाच्या खात्यात दिसेलच असं नाही. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात आणि तेही पत्रानंतर, हे ताईनं फ्रीजवर लिहून चिकटवलं होतं.

मार्चमध्ये लोकअदालतीची नोटीस आली. कोर्टाचा शिक्का बघून दाजींच्या वडिलांचं बीपी वाढलं. नोटीस दाखलपूर्व प्रकरणाची होती. म्हणजे दावा अजून लागलेला नाही, त्याआधी तडजोड होतेय का बघा, असं निमंत्रण. लोकअदालतीत कुणावर काही लादता येत नाही. जमलं तर सही, नाही जमलं तर घरी. पण सही केलीत तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून पैसे तयार असतील तरच सही करायची.

राजगुरुनगरच्या कोर्टात त्या शनिवारी जत्रा होती. एका टेबलावर वीजबिलं, एकावर मोबाइल कंपन्या, पलीकडे पतसंस्था, पाणीपट्टीवाले. बँकेचा प्रतिनिधी माझ्याच वयाचा होता. शर्टाच्या खिशात दोन पेनं, समोर दोनशे नावांची यादी. त्यानं ८४ सांगितले. मी शीटची प्रिंट ठेवली, तिच्याखाली हॉस्पिटलचं बिल आणि कंपनीचं कामावरून कमी केल्याचं पत्र. तो प्रिंट वाचत बसला. माझी अपेक्षा नव्हती, पण त्यानं ती पूर्ण वाचली. मग उठून बाहेर गेला आणि फोन करून आला. ७५. दाजी पहिल्यांदा बोलले. “साहेब, सत्तरच्या आत बसवा. आज आणलेत.”

तो पुन्हा बाहेर गेला. आल्यावर म्हणाला, “६८. आजच्या आज भरणार असाल तर.” आणि मग जरा हळू आवाजात, “प्रिंट ठेवू का मी ही? माझ्या भावाचं पण असंच चाललंय.”

पॅनेलसमोर सह्या झाल्या, पैसे दाजींच्या फोनवरून कार्डाच्या खात्यात गेले, पावती छापून घेतली. तीन आठवड्यांनी ‘बाकी नाही’ असा दाखला मेलवर आला. त्यात लिहिलं होतं: एकूण बाकी १ लाख ६१ हजार ४००, मिळालेली रक्कम ६८ हजार, दिलेली सवलत ९३ हजार ४००.

त्र्याण्णव हजारांची सूट. माझ्या शीटमध्ये तीच गोष्ट अशी दिसते: घेतले १ लाख २०, दिले आधीचे ८२ आणि आताचे ६८, म्हणजे दीड लाख. बँकेला आपलं मुद्दल मिळालं आणि वर ३० हजार. दोन्ही कागद खरे आहेत. दाजींच्या वडिलांना मी दुसरा दाखवला.

*

सूट मिळाली म्हणून सगळं पुसलं गेलं नाही. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो आम्ही एप्रिलमध्ये काढला. खात्यासमोर ‘सेटल्ड’, खाली थकलेल्या महिन्यांची रांग, किती दिवस थकले त्याच्या आकड्यांसह. दाजींच्या एका मित्राच्या रिपोर्टमध्ये ‘रिटन ऑफ’ आहे आणि तो वर्षभर समजत होता की बँकेनं माफ केलं. राइट-ऑफ म्हणजे बँकेनं आपल्या वहीतून आकडा काढला, एवढंच. वसुली चालूच राहते. तडजोडीबद्दल रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये जी चौकट घातली, तिच्यानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला त्या बँकेनं किमान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही, शेतीचं सोडून. याच चौकटीत जाणूनबुजून कर्ज थकवणाऱ्यांशीही तडजोड करायची मुभा आहे. त्यावर तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आक्षेप घेतला होता. मोठ्यांना तडजोड हा व्यवहार वाटतो. दाजींसारख्यांना ती रात्रीची झोप उडवणारी गोष्ट वाटते, आणि वसुलीचा सगळा धंदा या फरकावर चालतो असं मला आता वाटतं. आवाज चढवणाऱ्या एजंटला कायदा लागत नाही. शेजाऱ्याला कळेल, ही भीती पुरते.

एक प्रश्न मात्र माझ्या शीटमध्ये बसत नाही. कुणी ६८ मध्ये सुटलं तर उरलेलं कोण भरतं? बँक आपला तोटा दरात आधीच धरून ठेवते. ४३ टक्के हा दर ज्यांचे पैसे येणार नाहीत त्यांच्यासाठीही लावलेला असतो आणि तो वसूल होतो, जे येतात त्यांच्याकडून. म्हणजे मिनिमम ड्यू इमानेइतबारे भरणाऱ्यांकडून. चौदा महिने दाजीच ते भरत होते. आज त्यांच्या जागी दुसरं कुणीतरी भरत असेल, कदाचित ‘मी एकही हप्ता चुकवला नाही’ असं अभिमानानं सांगत.

दाजींना ऑक्टोबरमध्ये रांजणगावला नोकरी लागली. पगार आधीपेक्षा दोन हजारांनी कमी. ताईला घर घ्यायचंय, वन बीएचके का होईना. दाजींनी बँकेला मेल करून विचारलं की ‘सेटल्ड’ काढून ‘क्लोज्ड’ करायचं तर काय करावं लागेल. उत्तर आलं की सवलतीची रक्कम भरा, मग नोंद बदलून कळवू. म्हणजे ९३ हजार ४००.

त्यावर घरात दोन पक्ष पडले. दाजी म्हणतात, साचवू आणि भरून टाकू, डाग नको. ताई म्हणते, एका शब्दासाठी ९३ हजार? तेवढ्यात घराच्या डाउन पेमेंटला हातभार लागेल. दोघंही मला विचारतात. मी दोघांनाही तीच शीट दाखवतो आणि गप्प बसतो, कारण त्यांच्या घराचं कर्ज कुठली बँक कधी देईल हे त्या शीटमध्ये नाही.

सध्या एवढं ठरलंय. ताईनं १५ हजारांची एफडी केली आणि तिच्यावर दाजींच्या नावानं एक कार्ड घेतलं. त्यावर महिन्याचा किराणा घ्यायचा, दोन-अडीच हजारांचा, बाकी काही नाही. बँकेत ऑटो डेबिट लावायला ताई स्वतः गेली होती. फॉर्मवर दोन चौकोन होते. पेन तिनं दाजींच्या हातात दिलं नाही. ‘टोटल ड्यू’वर तिनं स्वतः टिक केली, मग फॉर्म सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.